मागच्या भिंतीवरचं वाक्य

फोनची वायर टीव्हीला जोडताना मी अजूनही घाई करत नाही. आधी नेट बंद करायचं, मग आवाज बंद, मग वर्गाकडे पाठ करून सगळं एकदा तपासायचं. तरी पडदा उजळला की एक हात वायरीवर असतोच. सोबतचे शिक्षक हसतात. हसू द्या. त्यांच्या अंगठ्यानं त्यांचा कधी घात केला नाही. माझ्या अंगठ्यानं दोनदा केला, आणि दोन्ही वेळा एकाच पोरीच्या बाबतीत.

तेव्हा मी अचलपूरहून चांदूर बाजारकडे जाताना आत वळावं लागतं अशा एका गावात होते. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, भाजीचे मळे, आणि दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी हेडसरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी खोली परतवाड्याला, आणि घर अकोल्याला. घर म्हणजे नवरा, सासूबाई आणि पहिलीतली माझी मुलगी. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की अकोटवरून जाणारी एसटी धरायची, आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचं. चार वर्षं हेच चाललं होतं. मी पोटतिडकीनं दुसऱ्यांची लेकरं वाचती करत होते आणि माझी पोरगी अकोल्यात दुसऱ्याच बाईंकडून वाचायला शिकत होती. एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं मला बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव वाचून दाखवलं. मी वा वा म्हटलं, फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

म्हणून मी बदलीचा ऑनलाइन फॉर्म भरला. गावात कोणाला सांगितलं नाही, अगदी हेडसरांनाही नाही. माझ्या आधीच्या मॅडम भर वर्षात बदलून गेल्या होत्या. मी रुजू झाले त्या दिवशी चार बाया शाळेच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "तुमी तरी राहान का मॅडम?" मी म्हटलं होतं, राहीन ना! असं बोलायला काय जातं?

आता त्या पोरीचं सांगते. तिसरीत होती. मायबाप माळी, वांगी-मिरची पिकवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. दर महिन्याला पोरांच्या वाचनाचे व्हिडिओ वर ऑफिसला पाठवावे लागत. तिचा व्हिडिओ काढताना ती एका शब्दावर अडली, पुन्हा अडली, घाबरली आणि फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसत रडायलाच लागली. मी फोन खाली घेतला. म्हटलं, राहू दे बाळा, उद्या काढू. हा पुसायचा असं ठरवलं आणि तिथेच विसरले.

दुपारी घाईघाईत सगळ्यांचे व्हिडिओ एकदम निवडले आणि अंगठा दाबला. ते ऑफिसच्या ग्रुपवर नाही, पालकांच्या ग्रुपवर पडले, तिच्या रडण्याचासुद्धा. माझ्या लक्षात आलं ते परतवाड्याच्या ऑटोत बसल्यावर. पुसला, पण पुसून काय उपयोग? अर्ध्या गावानं पाहिला होता. दुसऱ्या दिवशी हापशीवर पोरं बाहीनं नाक पुसून तिची नक्कल करत होती. मी चांगली झापली त्यांना, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून पोरगी वर्गात बोलेना. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. आठ दिवसांनी बाजारात गेले तर तिचा आवाज दुरून ऐकू आला, "वांगे घ्या, वांगे! काटेरी वांगे!" खणखणीत ओरडत होती. मी समोर जाऊन उभी राहिले तशी गप्पच झाली, आणि तराजू घेऊन मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची आई म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर राग नाही माहा. पन घरी बोलते, बजारात बोलते, शाळेतच काहून नाही बोलून राहिली?" मी तिचा हात धरला आणि बोलून गेले, "ताई, तिला वाचायला लावल्याशिवाय मी कुठे जात नाही." फॉर्म भरून तेव्हा दोन महिने झाले होते.

झालं, माझी झोप उडाली. बदल्यांची यादी कधीही लागणार होती. यादी लागायच्या आत या पोरीचा आवाज वर्गात उमटला पाहिजे, नाहीतर मी तिला मुकी करून पळून गेले असंच होणार. दुसरं काय म्हणणार लोक, आणि काय चुकीचं म्हणणार?

ज्या फोननं घात केला त्यालाच मी कामाला लावलं. गावकऱ्यांनी शाळेला टीव्ही घेऊन दिला होता, त्याच्यावर आम्ही नुसती गाणी लावायचो. मी येताजाता पाट्यांचे फोटो काढायला लागले. पिठाच्या गिरणीची पाटी, एसटीवरची पाटी, खताच्या पोत्यावरची सूचना, "येथे थुंकू नये", "दुकान विकणे आहे", सलूनच्या काचेवरचं उलटसुलट काहीतरी. सकाळी फोन टीव्हीला जोडायचा आणि एकेक फोटो पुढे सरकवायचा. नियम सरळ होता. पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचायचं. ज्याची पाळी त्यानंच उभं राहायचं, बाकीच्यांनी तोंडावर बोट ठेवून मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. कोणी हसलं की त्याची पाळी गेली.

आणि मागची भिंत होती. ज्यानं कोणी न सांगता पहिलं वाक्य धडधडीत वाचलं, त्यानं ते रंगीत कार्डावर आपल्या हातानं लिहायचं आणि त्या भिंतीवर चिकटवायचं. मग मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे आणि टाळ्या व्हायच्या. कार्ड कधीच काढायचं नाही, मॅडमनीसुद्धा नाही, असा आमचा कायदा. एकाचं पहिलं वाक्य होतं, "गाडी मागे घेताना हॉर्न वाजवा". एकीचं, "उधार मागू नये". दिवाळी उलटून गेली, भिंत भरत आली. तिच्या कार्डाची जागा तेवढी खाली कोपऱ्यात रिकामी होती.

तिची पाळी मी कधी चुकवली नाही. ती उभी राहायची, पडद्याकडे बघायची, पोरं मनात वीस मोजायची, आणि ती खाली बसायची. मी दर वेळी जवळ जाऊन म्हणायचे, "घाबरू नको. चुकलं तर कोणी हसत नाही." ती मान डोलवायची. वहीत मात्र सगळ्या पाट्या न चुकता उतरवून घ्यायची. म्हणजे येत होतं बेटीला, सगळं येत होतं. आणि इकडे नवऱ्याचा रोज मेसेज, यादी उद्या लागेल, नाही, परवा लागेल. मेसेज वाजला की बदली व्हावी म्हणून हात जोडायचे आणि अजून आठ दिवस होऊ नये म्हणूनही जोडायचे. देवानं तरी माझं काय ऐकावं?

तो दिवस बुधवारचा. तिची पाळी आली. पडद्यावर गिरणीची पाटी होती, "गिरणी दुपारी बंद राहील". ती उभी राहिली. पोरांची बोटं तोंडावर गेली. मी टीव्हीजवळ उभी, एका हातात फोन, नजर तिच्या ओठांवर. आणि खरं सांगते, ओठ हलले. आवाज नव्हता, पण ओठ हलले!

तेवढ्यात पडद्यावर वरून मेसेजची पट्टी घसरली. नवऱ्याचं नाव, पुढे दोन शब्द. नेट बंद करायचं राहिलं होतं. मी घाईनं पट्टी वर ढकलायला अंगठा लावला, तो ढकलायच्या ऐवजी दाबला गेला. मेसेज उघडला. टीव्हीभर. वर माझ्या मुलीचा सकाळचा गणवेशातला फोटो आणि खाली नवऱ्याची तीन वाक्यं, एवढ्या मोठ्या अक्षरांत की मागच्या बाकावरूनही दिसावीत. वायर कुठून काढायची तेही सुचेना.

"या… दी…"

कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही.

"यादी ला… ग… ली. लागली."

तीच होती. बाकीचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून असेल कदाचित. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिच्यापुरता नियम साधा होता, पडद्यावर येईल ते वाचायचं. गिरणीची पाटी गेली आणि हे आलं, तर हे वाचायचं.

वायर माझ्या हाताशी आली होती. एक झटका दिला की पडदा काळा. पण तिचा आवाज चालू होता हो! बाजारातलाच आवाज, थोडा घोगरा, एकेका अक्षरावर पाय देत पुढे जाणारा. मध्येच तोडला असता तर तिनं पुन्हा तोंड उघडलं असतं का? मी वायर धरून तशीच उभी राहिले.

"तुझं नाव आहे." हे तिनं जवळजवळ एका दमात वाचलं. मग तिसरं वाक्य, सगळ्यात लांब. "सु… ट… लीस. सुटलीस ए… क… एकदाची… त्या… गावातून."

आणि मग तिनं ते पुन्हा अख्खं वाचलं, खणखणीत, वांगी विकल्यासारखं. "सुटलीस एकदाची त्या गावातून!"

चौथीतल्या पोरांना कळायचं ते कळलं होतं. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी चालल्या का?"

पण हिचं कुठे लक्ष होतं? हिचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हता. "मॅडम, बरोबर वाचलं का म्या?"

"बरोबर," मी म्हटलं. "एकदम बरोबर."

ती धावतच कपाटाकडे गेली. तिथून पिवळं कार्ड घेतलं, स्केचपेन घेतला आणि जमिनीवर पालथी पडून लिहायला लागली. मी जवळ जाऊन खाली बसले. म्हटलं, "बाळा, ते पहिलं लिही ना. यादी लागली. छान आहे ते." तिनं मान वर न करता सांगितलं, "नाही. लांबवालं लिहीन मी." मला वाटलं कार्ड हातातून घ्यावं, म्हणावं उद्या गिरणीची पाटी वाच आणि ती लिही. कायदा माझाच होता. मोडायचा असता तर मीच मोडू शकले असते. पण महिनोन् महिने त्या कोपऱ्यातली रिकामी जागा बघत ती बसली होती, आणि कायदा मी मोडला असता तर तिनं माझं दुसरं काहीही खरं मानलं नसतं.

तिनं कार्ड चिकटवलं. टाचा उंचावायची गरज नव्हती, जागा खालीच होती. मग बाजूला सरकून माझ्याकडे बघत उभी राहिली. आता माझी पाळी होती. मॅडमनी मोठ्यानं वाचायचं आणि मग टाळ्या.

मी कार्डासमोर उभी राहिले. अक्षर सुरेख होतं पोरीचं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. लाज वाटत होती. चार वर्षं ज्या लेकरांना "राहीन ना" म्हणत आले, त्यांच्याच समोर हे वाक्य वाचायचं होतं. मागे वळून पाहिलं तर सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं. शहाणी माझी पोरं. माझ्यासाठी वीस मोजत होती.

ती जवळ आली. नेहमी मी तिच्याजवळ जायचे तशीच, आणि माझ्या साडीचा काठ धरून हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नका मॅडम. चुकलं तर कोणी हासत नाही."

मी वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.