जानेफळच्या गाड्यांना झालेला उशीर

९ डिसेंबर, सकाळचे साडेसात. जागा: जानेफळचं सरकारी गोडाऊन. हजर: मी (सप्लाय इन्स्पेक्टर), फौजदार आणि दोन शिपाई, लेव्हीच्या ज्वारीच्या आठ गाड्या, आठ गाडीवान, कडेला तीसेक मजूर बाया आणि त्यांच्या पुढे कौशल्याबाई.

लेव्ही म्हणजे सरकारने शेतकऱ्यांकडून ठरल्या भावाने घेतलेलं धान्य. युद्ध संपलं होतं, रेशन संपलं नव्हतं. गावच्या रेशन दुकानात बारा दिवस दाणा नव्हता आणि गावचीच ज्वारी मेहकरला चालली होती. दोन गाड्या इथेच उतरवू द्या, असं मी तहसीलदारांना लिहिलं होतं. उत्तर दहापर्यंत येणार होतं. गाड्या सोडायचा हुकूम आठचा.

१४४ कलम लागू होतं. पाच जण जमले की गुन्हा. फौजदारांनी ते वाचून दाखवलं. बाया हलल्या नाहीत.

कौशल्याबाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही चाकापुढं निजतो."

मी म्हणालो, "मग अटक होईल. वाट अडवणं हा वेगळा गुन्हा."

"मले धरून नेलं तं लेकरं कोण पाहीन?"

"म्हणून सांगतो. चौघी थांबा, बाकीच्यांना घरी धाडा. गाडीला हात लावायचा नाही, कासरा धरायचा नाही, शिवी नाही. तोंडाने विनंती करा, त्याला मनाई नाही."

"गाडीवानाले इनंती? तो बायकोचं आयकत नाही."

बाया गेल्या. पावणेआठला कौशल्याबाई धरून चौघीच परत आल्या. हातात ताट, तांब्या, कुंकू. बरोबर आठला पहिली गाडी फाटकाबाहेर पडली. चौघींनी कडेनेच बैलांच्या पायांवर पाणी घातलं. नामदेव गाडीवानाने आपणच कासरा ओढला. पूजा चालू असताना बैल हाकत नाहीत. वाट एका गाडीची. मागच्या सात थांबल्या. बैल सोळा, पाय चौसष्ट.

फौजदार म्हणाले, "हे पिकेटिंग नाही तर काय?"

"गाडी कोणी थांबवली, विचारा," मी म्हणालो.

"म्याच थांबवली, साहेब," नामदेव म्हणाला. "पायावर पाणी पडून राह्यलं, हाकू कसा?"

"बाई, लवकर उरका," फौजदार म्हणाले.

"पोळ्याले तुमच्या घरी अशीच घाई करता काय, साहेब?"

फौजदारांनी बाया मोजल्या. चार. इतक्यात एक पोरसवदा बाई भरली घागर घेऊन आली. शिपाई उठला.

"घागर तिथंच ठेव, माये," कौशल्याबाई ओरडल्या. "पाचवी होशीन."

ती जागीच थांबली. घागर ठेवून परत गेली.

दहा वीसला, पूजा चालूच असताना, तहसीलचा शिपाई सायकलवरून आला. दोन गाड्या उतरवायची परवानगी होती. सहा मेहकरला गेल्या. अटक कोणालाच नाही. त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं.

कायद्याची हद्द लोकांना नीट समजावून सांगितली, की ते आधी तिच्या आत किती जागा आहे ते पाहतात. पुढच्या वेळी समजावताना हे ध्यानात ठेवीन.

डिस्पॅच रजिस्टरात 'उशिराचे कारण' असा रकाना आहे. वाट अडवली लिहिलं तर खोटं. पूजा लिहिलं तर कौशल्याबाईंना जबाबाला बोलावतील. कारण कळवा म्हणून तिसरं स्मरणपत्र आज टेबलावर आलं आहे. रकाना भरायचा आहे.