सहीच्या वरचे दोन शब्द

माझी भावजय ओदील विमान चालवायची, आणि अख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकं चांगलं कुणी चालवत नव्हतं. आमच्या गावात हे आजही कुणी सरळ तोंडानं म्हणत नाही, म्हणून मीच आधी लिहून टाकते.

विमानाचं वेड मुळात माझ्या भावाचं, एव्हारिस्तचं. सायकली नि ट्रॅक्टर दुरुस्त करता करता त्यानं एक मोडकं दोन आसनी विमान आणून उभं केलं. डॉक्टरांनी डोळ्यांवरून त्याला नापास केलं, तेव्हा "तू शीक, इंजिन मी बघतो," असं ओदीलला त्यानंच म्हटलं. ती शिकली. पस्तीस साली जवळच्या शार्त्र शहरातल्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि पाववाली त्याला म्हणाली, "काय हो वैमानिकबाईंचे यजमान, आज एकच पाव?" तिथून त्याचं डोकं फिरलं. घरात भांडी आपटायला लागली.

त्यातच लिस्बनपर्यंतच्या उड्डाणस्पर्धेसाठी ओदीलची निवड झाली. त्यासाठी पासपोर्ट हवा, आणि बायकोला पासपोर्ट हवा तर नवऱ्याची परवानगी हवी. नुसती सही चालत नाही. सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'वाचले, मान्य आहे' असं लिहावं लागतं. शेवटच्या दिवशी साडेअकराला नगरपालिकेतल्या कारकुनानं कागद परत सरकवला. एव्हारिस्तनं सही झोकात केली होती. वर फक्त 'वाचले' लिहिलं होतं.

मुदत बाराची. ओदीलला खिडकीपाशी थांबवून मी कागद घेऊन एव्हारिस्तच्या दुरुस्तीच्या दुकानात धावले.

"पुढचं लिही," मी म्हटलं.

"वाचलं, तेवढं लिहिलं. खोटं कशाला लिहू?" हात पुसत तो म्हणाला.

"अरे मेल्या, तिला उडायला लावायची हौस कुणाची होती?"

"ती पडली तर लोक म्हणतील, नवऱ्यानंच मान्य केलं होतं. आणि जिंकली तर मला कोण कुत्रं विचारणार आहे, ताई?"

मी पेन त्याच्या हातात कोंबलं. त्यानं ते तेलाच्या डब्यात टाकलं. चर्चचे टोले पडायला लागले तेव्हा मी त्याच्याशी भांडतच होते.

लिस्बन हुकलं. पुढं तीन वर्षं दोघं एका टेबलाशी बसून जेवली. मधल्या काळात त्यानं विमानही विकून टाकलं. कायद्यानं ते त्याचंच होतं. माझा भाऊ असला तरी सांगते, इतका कोत्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

अडतीस साली कायदा बदलला, परवानगीची अट गेली. ओदीलनं पासपोर्ट काढला, जिनिव्हाच्या एका उड्डाणशाळेत नोकरी मिळवली आणि एका सकाळी बॅग उचलून निघाली. स्टेशनवर मीच पोचवलं.

परत आले तर हा दुकानाच्या दारात उभा.

"कधी येते म्हणाली?"

"नाही येणार."

"तू तरी तिला अडवायचंस! तू माझी बहीण ना?"

"हो ना," मी म्हटलं. "बायको असते तर मीही गेले असते."