काडी मोडली, सही दिली न्हाई

"चपला हायेत तिथं बस," सासरे म्हणाले. मी त्यांना मामा म्हणायचे. न्हावऱ्यात त्यांच्या अंगणात धा-बारा मान्सं खुर्च्यांवर. मी चपलांपाशी, खाली. नवऱ्यानं तुरीची काडी घेतली, माझ्याम्होरं मोडली आन् अर्धी माझ्या पदरात टाकली. झाली काडीमोड. स्टँपावर फारकत आधीच लिहून आणलेली. त्यात एक ओळ व्हती, मुलगी बापाकडं राहील. माझी लेक परी तवा तीन वर्साची. दारातनं "मम्मी" म्हणून वरडत व्हती आन् थोरल्या जावंनं तिला कमरंला धरून ठिवलं व्हतं.

मी सही केली. बारावी शिकलेली बाई मी! पन असल्या कागदानं आईचं पोर तुटत न्हाई, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. माझ्या बापाला, आप्पालाबी, ठावं न्हवतं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या काडी मोडली की मिटलं.

केडगावला माहेरी दीड वर्स काढलं. चार डाव एसटीनं न्हावऱ्याला गेले, चारी डाव फाटकातनं माघारी. "काडी मोडली. आता तुझं हितं काय न्हाई," मामा म्हणायचे. मलाबी ते खरं वाटायचं. सवताच्या हातानं सही केलीस गं, म्हणून मी माझ्याच थोबाडीत मारून घ्यायचे.

मग एक दिस त्यांचाच फोन. शिरूरला नोंदणीच्या हापिसात ये, परी भेटंल. आप्पाला घिऊन मी पळाले. बघते तर परी जावंच्या मांडीवर, नव्या फ्रॉकात. माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं. जावंला मूलबाळ न्हाई. परी तिला दत्तक द्यायची, कागद तयार.

"हितं सही कर," मामा म्हणाले. "मग दर दिवाळीला पोरगी दाखवू."

आप्पा कानाशी आला. "कर बाई. त्यांची बागायत हाय, पोर सुखात राहील. न्हाईतर तोंडबी दाखवायचे न्हाईत."

सही केली तर पोर गेली. न्हाई केली तर भेट गेली. इकडं आड, तिकडं विहीर. मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू, उचललं.

तरी टेबलामागच्या बाईला इचारलं, "माझी सही कशापायी लागती?"

"आईच्या संमतीशिवाय दत्तक होत नाही," ती म्हणाली.

आईच्या! दीड वर्सात ह्या शब्दानं मला कुनी हाक मारली न्हवती. माझं डोस्कंच फिरलं.

"मामा, माझं काय न्हाई म्हनत व्हता ना? मग आज माझ्या सहीपायी कशाला आलात?"

मामा दात-व्हट खात म्हणाले, "पुन्ना पोरीचं तोंड दिसायचं न्हाई तुला."

मी पेन खाली ठिवलं. ते परीला उचलून गेले. तिनं मागं बघितलं न्हाई. आप्पा दोन दिस माझ्याशी बोलला न्हाई.

मी कोर्टात ताब्याचा अर्ज लावलाय. तारखा पडत्यात. परी अजून तिकडंच, जावंला मम्मी म्हनती. रडू येतं, रडते आन् पुढल्या तारखेला जाते. तिथं बाकावर बसते, खाली न्हाई. मी जित्ती हाय तवर माझ्या सहीबिगर परी दुसऱ्याची व्हत न्हाई. आन् मी लवकर मरनारी न्हाई.