महारवाडा धरून

"तू तितंच बस रं. पायतानं हायत तितं. तिथनंबी ऐकू येतंय."

सरपंच मला म्हणाला. चावडीत बाकीचे पंच जाजमावर बसलेले. मी दारात उभा. अंगात फौजेतला खाकी कोट. मीही पंचच होतो. सरकारनं ग्रामपंचायतीत आम्हा महारांसाठी एक जागा ठेवलेली, तिच्यावर मला नेमलं होतं.

मी बसलो. पायतानांजवळ. ब्रह्मदेशात लढून आलेला माणूस, मान खाली घालून बसला. पुढच्या बैठकीलाही तिथंच बसलो. कुणाला सांगावं लागलं नाही.

त्या साली गावाला सरकारी विहीर मिळायची होती. लहान गावाला मिळत नव्हती. म्हणून सरपंचानं तालुक्याला सांगितलं, महारवाडा धरून गाव मोठं हाय. विहीर मंजूर झाली. जागा ठरली देवळामागं.

मी दारातनं विचारलं, "आन आमी पाणी कुठं भरायचं?"

सरपंचानं मान वळवली नाही. "तुमाला वढा हाय की."

सगळे हसले. तेवढ्यात माझी बायको ओढ्यावरनंच घागर घेऊन चावडीपुढनं चाललेली. तिनं ऐकलं. थांबली. मला बघितलं, त्या चपलांत बसलेलं. मग पदर पुढं ओढून निघून गेली.

घरी तिनं भाकरी वाढली. म्हणाली, "आवं, तितं बसायला न्हेत्यात तुमास्नी, का दावायला?"

तिच्याकडं बघवेना. लढाईतसुद्धा मला असं मरून जावंसं वाटलं नव्हतं.

विहिरीची जागा बघायला इस्लामपूरहून साहेब आला. चावडीत बसला. सरपंच त्याला म्हणाला, "सारं गाव एक हाय आमचं, साहेब."

मी उठलो. उंबरा ओलांडला. जाजमावर जाऊन बसलो.

शेजारचा पंच चटका बसल्यागत उठला. सरपंच ओरडला, "लाज हाय का रं?"

"हाय, आण्णा. लय हाय. म्हणून तर आत आलो."

साहेब उठला. टोपी घेतली, टांग्यात बसला, गेला.

दुसऱ्या दिवसापासनं महारवाड्याला काम बंद. दुकानात मीठसुद्धा मिळेना. पोरं उपाशी झोपू लागली. माझा चुलता काठी टेकत आला. "पाया पड सरपंचाच्या आन मिटव. गावाबिगर आपलं भागतंय व्हय?" त्याचं खोटं नव्हतं. आयाबाया माझ्याकडं बघायच्या, तेव्हा माझी मान परत खाली जायची. माझ्यापायी त्यांच्या चुली विझल्या होत्या.

पण मी पाया पडलो नाही. बायको पहाटे उठून पलूसकडं कामाला जाऊ लागली. चार बाया तिच्यामागं गेल्या.

चुलत्याला मी एवढंच सांगितलं. माणसं मोजताना आमाला गावात धरलं. आता पाणी भरतानाबी धरायचं. न्हाई धरलं, तर विहिरीवर पहिली घागर आमची उतरंल. मग डोकी फुटू देत.