खरोशाची लेणी, किल्लारीचं माळवद आणि लातूरची कुलपं

माणसाने पहिलं घर कसं बांधलं, यावर नांदेडच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं होतं. पण नुसती पुस्तकं वाचून घरावर बोलायचं म्हणजे स्वयंपाकाचं वर्णन ऐकून ढेकर द्यायचा. म्हणून निघालो. सकाळची एसटी, अहमदपूरला चहा-भजी, लातूरला गाडी बदलून औशावरून खरोसा. तुम्ही जाणार असाल तर पाणी सोबत घ्या. त्या टेकडीवर सावली मिळते ती लेण्यांतच.

जांभ्या दगडात खोदलेली ही लेणी देवांसाठी आहेत. तरी आत पाय टाकला की माणसाचा पहिला आसरा आठवतो: पाठीशी खडक, समोर उघडं तोंड. आत शिरलेल्याला धावत बाहेर पडता येत होतं. पुढे दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांनी कुडाच्या झोपड्या घातल्या, वर गवत शाकारलं. ती कोसळली तरी माणूस अंग झटकून उठला असता. आणि त्यांना आपण मागासलेले म्हणतो!

संध्याकाळी जीपने किल्लारी. माझ्या सहकाऱ्याची मोठी बहीण सुरेखाताई इथे राहते. भूकंपानंतर मिळालेल्या पक्क्या घरात तिने ज्वारीची पोती ठेवली आहेत. ती स्वतः मागच्या कुडाच्या खोपीत झोपते.

सकाळी तिने जुनं गाव दाखवलं. आता तिथे वेड्या बाभळी आणि दगडांचे ढीग.

"ह्ये आमचं घर," ती म्हणाली. "माळवद गळू नये म्हणून आबा दरसाल वर माती टाकायचे. आज्यानं टाकलेली, पणज्यानं टाकलेली, समदी वरच. लई थंडगार घर व्हतं, सर."

पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळजीचं वजन भूकंपाच्या रात्री छतासकट खाली आलं.

"मी अंगणात बाजंवर व्हते. धाकटी भैन आत. कडी लावलेली, चौकट वाकली. ती आतून हाका मारून राहिली, मी बाहेरून ढकलून राहिले." तिने बाभळीचा काटा चपलेतून उपटला. "तवापासून आमच्यात कुनी रात्रीची कडी लावत न्हाई. चोर आला तर आला."

दुपारी दोघं लातूरला आलो. तिची मुलगी रेणुका तिथे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. हॉस्टेल ताईने पहिल्यांदाच पाहिलं. प्रवेशाच्या वेळी नवरा आला होता. एका हॉलच्या प्लायवूड मारून खोल्या केलेल्या. खिडकीला पक्की वेल्डिंग केलेली जाळी. जिना एकच, त्याच्या तोंडाशी चॅनल गेट.

ताईने डबा खाली ठेवला आणि जाळी हलवून पाहिली.

"मॅडम, रात्री ह्ये गेट?"

"कुलूप लावतो ना! चावी खाली माझ्याकडे. निर्धास्त राहा. पालकांचीच मागणी आहे," हॉस्टेलच्या मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

माझा आवाज चढला. जनावरांच्या गोठ्यालाही यापेक्षा मोकळी वाट असते, असं काहीबाही मी बोललो.

"मग घेऊन जा की मुलीला," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "दहाजणी रांगेत आहेत."

"सर, तुमी बोलून जाताल नांदेडला," ताईने मला थांबवलं. "तिला हितं ऱ्हायचंय." मग तिलाही राहवलं नाही; रेणुकाला म्हणाली, "चल घरी."

"घरी खोपीत बसून नंबर लागतो का, आई? सगळ्या पोरी अशाच राहतात. तमाशा नको करू."

"तुझी मावशी..."

"माहितीय! जन्मल्यापासून ऐकतेय!"

प्लायवूडच्या पलीकडची पाठांतरं थांबली. ताईने डबा उचलून लेकीच्या हातात दिला. म्हणाली, "खोलीची तरी कडी लावू नको."

"नाही लावत," रेणुका म्हणाली.

"असं नको हं काकू," खोलीतली दुसरी मुलगी पटकन म्हणाली. "कडी नसली की मला भ्या वाटतं."

ताई एकटीच औशाच्या गाडीत बसली. रेणुका आजही तिथेच आहे.

नांदेडला व्याख्यान झालं. गुहा, कूड, माळवद, ते गेट, सगळं सांगितलं. आसरा आणि सापळा यांतला फरक विसरलेला समाज स्वतःच्या लेकरांना गाडतो, असं टेबलावर मूठ आपटून म्हणालो. टाळ्या पडल्या.

नंतर एक गृहस्थ चपला घालता घालता जवळ आले. "सर, ते लातूरचं हॉस्टेल कुठलं हो? रात्री कुलूप लावतात ते. पोरीसाठी असंच बघून राहिलोय."

मी नाव सांगितलं नाही. त्यांना ते दुसरीकडून मिळालं असेल.