सत्तावन्न किलोचा गट

परभणीची एसटी आली तेव्हा अब्बांच्या दाढीत कापसाचे तुसे अडकलेले होते. शिरड शहापूरच्या स्टँडजवळच आमचं गाद्या भरायचं दुकान. हातातली गादी अर्धी भरलेली टाकून ते मला सोडायला आले होते. अम्मी आली नाही. "जारी तो हसको जा, रोना नको," एवढं दारातच म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. शेजारची सुनीता तेवढी माझी पिशवी घेऊन बसपर्यंत आली.

"काहून चालली गं तस्लीम? इथं लोखंड न्हाई का उचलायला?" ती म्हणाली. दोघी हसलो. अब्बांनी कंडक्टरला सांगितलं, "पोरगी पुण्याला चालली. खेळाडू हाय." कंडक्टरने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिकीट फाडलं.

मी पॉवरलिफ्टिंग करायची. त्यातही डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं. लहानपणापासून कापसाची गाठोडी उचललेली, त्यामुळे हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्यांदा बार धरला तेव्हा तो सहज वर आला. पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेत पुण्याच्या एका सरांनी मला पाहिलं. म्हणाले, पुण्याला ये, राहायची सोय आपल्या जिमवरच आहे, नॅशनलला मेडल आलं की खेळाडू कोट्यातून नोकरी. अब्बांनी त्याच महिन्यात वसमतच्या एका स्थळाला नाही सांगितलं होतं. "लडकी नौकरी को लगेगी, फिर देखेंगे," असं ते सगळ्यांना ऐकवत. मी गेल्यावर स्टँडवर माझ्या फोटोचं बॅनर लागलं. त्यावर 'शिरडची वाघीण' लिहिलं होतं. सुनीताने फोटो पाठवला तेव्हा मला छान वाटलं. आपल्यामागे दार लावून घेतलं जातंय हे तेव्हा कळलं नाही.

जिम तळघरात होती आणि वर आमची खोली. तिथे मी आणि सोलापूरकडच्या शिल्पाताई राहायचो. त्या पूर्वी वजन उचलायच्या, आता एका शाळेत खेळ शिकवायच्या. सर वाईट बोलत नसत, हात तर कधीच उगारला नाही. ते फक्त ठरवायचे. किती वाजता उठायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं. आणि त्यांनी ठरवलं की मी सत्तावन्न किलोच्या गटात खेळायचं.

गावाहून गेले तेव्हा माझं वजन सत्तावन्नच होतं. पण अंग व्यायामाने भरत जातं. वर्षभरात मी त्रेसष्टच्या पुढे गेले. वरच्या गटात त्यांच्याकडे शिकणारी दुसरी एक मुलगी होती, तिला मेडल मिळायचं, म्हणून माझी जागा खालीच राहिली. "वजन वाढलं म्हणजे शिस्त नाही," सर म्हणायचे. मग रात्रीची भाकरी बंद झाली. नंतर सकाळची. स्पर्धेच्या आधी दोन दिवस पाणीही बंद व्हायचं. अंगातलं पाणी निघावं म्हणून उन्हात गच्चीवर रेनकोट घालून मी चालत राहायचे, तोंडात लवंग धरून थुंकत राहायचे.

आणि दर शनिवारी मॅक्स. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल तेवढं. उपाशी पोटी, दर आठवड्याला. पहिले काही महिने बारवरचं वजन वाढलं, मग एकशे तीस किलोला येऊन बार थांबला. शुक्रवारपासूनच हात थंड पडायचे. कमरेत डावीकडे एक कळ कायमची राहायला आली होती. मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मनात आहे ते. पुढच्या शनिवारी बघू."

सोडून जावं तर कुठे? नाव त्यांच्या क्लबकडून लागलेलं, त्यांनी मोकळं केल्याशिवाय दुसरीकडून खेळता येत नव्हतं. खोली त्यांची. आणि गावी बॅनर. अब्बा फोनवर विचारायचे, "नौकरी का क्या हुआ?" मी म्हणायचे, "चालू हाय अब्बा." काय चालू होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या वर्षी मी ईदला घरी आले. राज्य स्पर्धा पंधरवड्यावर होती. अम्मीने शीरखुर्मा केला होता. खारका रात्रीच भिजवलेल्या, दूध आटवून आटवून गुलाबी झालेलं. तिने वाटी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, नंतर खाते. तिने दुपारी परत ठेवली. संध्याकाळी परत.

"कायकू नै खारी? मेरे हात का अच्छा नै लगता अब?"

"अम्मी, वजन है."

"वजन? हड्डीच हड्डी है." तिने माझं मनगट धरलं आणि सोडलं. मग ती वाटी तिने सुनीताला दिली. सुनीता माझ्यासमोर बसून खात होती आणि खाली मान घालून म्हणाली, "तू तिकडं काय करून राहिली गं, काय समजत न्हाई बघ." त्या घरात मी वाढले होते, आणि त्या दिवशी मला तिथून पळून जायचं होतं. पण पळून जायचं ते परत त्याच तळघरात. बसमध्ये बसल्यावर मला रडूही आलं नाही. अंगात पाणीच नव्हतं बहुतेक.

राज्य स्पर्धेत वजनकाट्यावर मी सत्तावन्नच्या आत बसले. सर खुश झाले. खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं स्क्वॉट झालं, झोपून छातीवरून बार ढकलायचं बेंच झालं, शेवटी डेडलिफ्ट. तीन संधी असतात. पहिली नेहमी हलकी ठेवायची, म्हणजे खातं उघडतं आणि मन स्थिर होतं. सरांनी पहिलीच एकशे पस्तीस लावली. जे वजन मी कधीच उचललं नव्हतं ते.

मी बार धरला. तो जमिनीवरून हलला नाही. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आला आणि हातातून सुटला. तिसऱ्यांदा मी वाकले तेव्हा कमरेत असं काही झालं की मला समोरचे पंच दिसेनासे झाले. तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले, म्हणजे बाद. तिन्ही संधी गेल्या की आधीचं सगळं उचललेलंही वाया जातं. निकालात माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. सर वरच्या गटातल्या त्या मुलीला घेऊन फोटो काढायला गेले.

खोलीवर शिल्पाताईंनी मला उताणं झोपवलं, पायांखाली उशी दिली आणि वरणभात कालवून समोर धरला. म्हणाल्या, "तस्लीम, तू ट्रेनिंग करतच नाहीस गं. तू रोज नुसती परीक्षा देतेस. अभ्यास कधी करणार?"

ते वाक्य माझ्या पोटात भातासारखंच गेलं.

आम्ही दोघींनी त्या महिन्यात खोली सोडली. सरांनी मला मोकळं केलं नाही, एक अख्खा हंगाम मी खेळूच शकले नाही. घरी काय सांगितलं? कंबर दुखते एवढंच. गावात बॅनर उन्हाने पांढरं पडलं होतं, पण लोक विचारायचे थांबले नव्हते. त्या वर्षी मी एका जिममध्ये बायकांच्या बॅचला शिकवू लागले, आणि शिल्पाताईंनी मला पुन्हा रिकामा बार धरायला शिकवलं.

त्यांचा प्रोग्राम इतका सोपा होता की मला लाज वाटायची. आठवड्यात दोनदा डेडलिफ्ट. एक दिवस थोडा जड, पाच-पाच वेळा उचलायचे सेट, प्रत्येक सेटनंतर अजून दोनदा तरी उचलता येईल असं वाटलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी हलकं, बार गुडघ्याखाली क्षणभर थांबवून. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं आणि चौथा आठवडा हलका. तो चौथा आठवडा मला सहन व्हायचा नाही. हलकं वजन हातात आलं की शनिवारची धडधड सुरू व्हायची, कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. दार उघडं असूनही मी आतच बसले होते. शिल्पाताई म्हणायच्या, "जड तर सगळ्यांनाच उचलता येतं. तू हलकं उचलून दाखव." जेवणही तसंच. पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली आणि भीतीने झोप लागली नाही.

एक हंगाम बाहेर काढल्यावर क्लबचं बंधन आपोआप सुटलं, आणि पुढच्या हंगामात मी एकोणसत्तरच्या गटात उतरले. पहिली संधी एकशे वीस. बार उठला तेव्हा मी ताठ उभी होते, आणि पंचाने खाली ठेवायची खूण केल्यावरही क्षणभर तशीच उभी राहिले. तिसऱ्या संधीला एकशे पंचेचाळीस उचललं. चौथी आले. मेडल नाही, नोकरी नाही. कोट्याचं वय आता निघून जात आलंय. अब्बा विचारायचे थांबले आहेत, आणि ते थांबणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागतं. वसमतच्या त्या मुलाला दोन लेकरं आहेत असं सुनीता सांगते. ती हे मुद्दाम सांगत नाही, पण सांगते.

यंदा उन्हाळ्यात अम्मी डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला आली. माझ्या एकाच खोलीच्या घरात राहिली. पहिले दिवस ती घाबरून दारातच बसायची, कुणाचं जिन्यावर पाऊल वाजलं की पदर सावरायची. मग माझ्याबरोबर बायकांच्या बॅचला येऊ लागली. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कोपऱ्यात बसायची आणि मी कुणाला ओरडले की म्हणायची, "धीरे बोल गे, बड़ी है वो तेरे से." मी स्वयंपाक करायचे, ती खायची. माझ्या हातची डाळ तिला खारट लागली आणि तिने ती सगळी संपवली.

ती निघाली त्या दिवशी मी तिला गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं. शेजारी जिंतूरची एक बाई होती. तिने विचारलं, "पुण्याला कुणाकडं आल्ता मावशी?"

अम्मीने पिशवी मांडीवर घेतली. "बेटी के घर आयी थी," ती म्हणाली.

आमच्याकडे असं लग्न झालेल्या मुलीबद्दलच बोलतात. कुमारी मुलीला घर नसतं, बापाचं घर असतं. त्या बाईने लगेच विचारलं, जावई काय करतात.  अम्मीने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, पाहुणी यजमानाकडे बघते तसं, थोडं अवघडून. मग सासरी गेलेल्या लेकीला म्हणतात तसं म्हणाली, "आती रह बेटी. बुलाना नै पड़ना."

गाडी निघाली. मला आनंद झाला होता, आणि शिरडला मी आता पाहुणी झाले होते.