हौशीरामचं एकविसावं रक्तदान

हौशीरामला स्वतःच्या रक्ताचा भारी अभिमान. नारायणगाव-जुन्नर जीप चालवणारा हा गडी दर सव्वीस जानेवारीला शिबिरात दंड पुढे करायचा. मिळालेली वीस प्रमाणपत्रं त्याने भिंतीवर देवांच्या शेजारी लावली होती. पाहुणा आला की चहाआधी ती दाखवायचा. जरा अतीच करायचा, पण माणूस सरळ.

वीस सालच्या गणपतीत त्याला कोरोना झाला आणि तो बरा झाला. महिन्याभराने धाकटा भाऊ सोपान पुण्यात ऑक्सिजनवर गेला. डॉक्टर म्हणाले, यातून उठलेल्या माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळा पातळ भाग, मिळाला तर बघू. दोघा भावांचा रक्तगट एकच.

"लोकांना कशाला इचारायचं? मी हाय की," हौशीराम म्हणाला.

रक्तपेढीत आधी तपासणीपुरतं रक्त घेतलं. वजन, हिमोग्लोबिन, अँटीबॉडी, सगळ्यात पास. पुढच्या निकालासाठी तो बाही वर करूनच बाकावर बसून राहिला. मग पेढीतल्या अश्विनी मॅडमनी आत बोलावलं.

"काका, हेपॅटायटिस बी निघालाय, रक्तातून पसरणारी कावीळ. तुमचा प्लाझ्मा घेता येणार नाही."

"आवो, जानेवारीत तर रक्त दिलंय मी! तवा काय नव्हतं."

"त्यानंतर कुठे सुई, वस्तरा लागला होता?"

फाल्गुनात लंकाबाई चुलतीचा दहावा झाला होता. कुकडीच्या घाटावर भाऊकीतल्या चौदा जणांची डोकी एकाच पात्याने झाली. हौशीराम अकरावा, त्याच्या आधी गेणभाऊ. दुःखाच्या जागी नवं पातं कोण मागतं?

दुसरा दाता शोधण्यात चार दिवस गेले आणि सोपान गेला. प्लाझ्माने तो वाचलाच असता असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही, पण हौशीरामने दोष स्वतःकडे घेऊन टाकला. घरी येऊन प्रमाणपत्रं उतरवली. आजाराचं नाव बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. रक्तातला रोग म्हटलं की गाव भलतंच समजतं.

सोपानला एकच मुलगी, म्हणून क्रियेला हौशीराम बसला. दहाव्याला घाटावर मोजकीच भाऊकी जमली.

"मी शेवटी बसतो," तो म्हणाला.

"आसं कुठं आसतंय व्हय?" गेणभाऊ म्हणाले. "क्रियेवाल्याचं डोकं आदी. मग आमी."

न्हाव्याने डोक्यावर पाणी मारलं. मागे सगळे उघड्या अंगाने ओळीत उभे होते. हौशीरामने न्हाव्याचं मनगट धरलं.

"माझ्या रक्तात काविळीचा रोग निघालाय. ह्यो वस्तरा माझ्यानंतर कुणाला लावायचा न्हाई. आन् फाल्गुनात बसलेल्या समद्यांनी रक्त तपासून घ्या."

न्हावी वस्तरा पाटावर ठेवून उठला. ओळ मागे सरकली. सगळ्यात आधी गेणभाऊ सरकले. हौशीरामने वस्तरा उचलला आणि चाचपडत स्वतःच भावाच्या नावाने डोकं करायला लागला.